टेबलावरच्या रजईतला कापूस

टेबलावर अंथरायच्या कापडातही कापूस भरतात, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही राळेगावचे पिंजारी. गादी, उशी, लोड, थंडीची दुलई, बाळंतिणीचं अंथरूण, एवढंच आमचं जग. माणूस ज्यावर पडतो किंवा जे पांघरतो त्यात कापूस जातो, अशी आमची साधी समजूत. टेबलाला कुठं थंडी वाजते?

ही समजूत मोडली ती डाकबंगल्याच्या खानसाम्यानं. म्हातारा सायकलवरून आला आणि एक विटकं, भोकं पडलेलं कापड अब्बांपुढं टाकून म्हणाला, "चाचा, टेबलाची रजई पाह्यजे. अशीच." इंग्रज साहेबांच्या काळातलं कापड होतं ते. वर लठ्ठा, खाली लठ्ठा, मध्ये कापूस, आणि सगळीकडून बारीक धावदोरा घातलेला. गरम भांडं ठेवलं तर लाकडावर डाग पडू नये, बशीचा आवाज होऊ नये आणि टेबल दिसायलाही बरं दिसावं, म्हणून ते अंथरायचं. अब्बा दिवसभर हसत होते. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की आता खुर्चीला स्वेटर विणून घ्या.

आम्ही रजई केली. आमच्या हाताला सवय दुलईची, तशीच फुगवून भरली. आठवडाभरात खानसामा पुन्हा दारात. बंगल्यावर उतरलेल्या साहेबांचा चहा साहेबांच्याच मांडीवर सांडला होता. कपबशी त्या गुबगुबीत रजईवर उभीच राहीना. बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती, तरी तो अब्बांवर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "चाचा, टेबलाले झोपवाचं नाई आपल्याले."

मग अब्बांनी ते जुनं विटकं कापड घेतलं आणि त्याचा एक कोपरा उसवला. आतला कापूस पाहायला आम्ही बापलेक वाकलो. कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा थोडा जाड असा एकसारखा थर होता तो. किती वर्षं धुतला, इस्त्री केला, वर किती ताटं आदळली असतील, पण कुठं गाठ नाही, कुठं विरलेला नाही. हयातभर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुकलं, चालवलेल्या अब्बांनी तो थर उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "बशीर, हे ज्यानं केलं त्याच्या हाताचा मुका घ्याले पाह्यजे." तो कोण होता हे आम्हाला कधी कळलं नाही. पण त्या दिवसापासून टेबलाची रजई हे आमच्या घरात थट्टेचं काम राहिलं नाही.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कापूस तो कापूस, त्यात निवडायचं काय. तर ऐका. आमच्या भागात तेव्हा मुख्यतः दोन जातींचा माल यायचा. एक बुरी, लांब धाग्याची, रेशमासारखी मऊ. दुसरी गावरानी, आखूड आणि जराशी खरखरीत. दलालाला विचाराल तर तो बुरीचं कौतुक करील, आणि सूत काढायला बुरीच चांगली. पण भरायला गावरानी. आखूड तंतू एकमेकांत अडकून बसतात, दाबले तरी पुन्हा उठतात. बुरी दोन धुण्यांत दोरीसारखी वळते. आमच्या गावच्या एका दलालानं हट्टानं आपल्या रेडिओवर घालायची रजई बुरीनं भरून घेतली होती. पहिल्या धुलाईनंतर ती अशी झाली की रेडिओच्या डोक्यावर कोणी वेणी घातली आहे असं वाटावं. माणूस दिलदार, स्वतःच आणून दाखवली आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसला.

शिवाय रुईत सरकीचं एक टरफलही राहता कामा नये. गादीत राहिलं तर कोणाला कळत नाही. टेबलाच्या रजईवर मात्र गरम इस्त्री फिरते, आणि टरफलातलं तेल पांढऱ्या लठ्ठ्यावर पिवळ्या ठिपक्यांनी वर येतं. हे आम्हाला डॉक्टरीणबाईंच्या रजईनं शिकवलं. त्या बाईंनी ठिपके झाकायला प्रत्येकावर एकेक फूल भरलं, आणि पाहुणे म्हणे नक्षीची तारीफ करायचे.

आज माझी मुलं यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला फोमच्या गाद्या विकतात. फोम मापानं कापायचा, खोळ घालायची, झालं. धंदा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण फोमला विचारावं असं काहीच नसतं. कापसाला रोज विचारावं लागायचं. आणि कापसानं मला दिलेलं सगळ्यांत मोठं उत्तर सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या आसपासच्या वस्त्यांमधली पुष्कळ माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. ट्रकनं गेली, रेल्वेनं गेली, कोणी चालत गेली. परत आल्यावर त्यांनी घरातले जुने देव नदीत सोडले. आम्ही मुसलमान, त्यातलं आतलं आम्हाला फार कळत नव्हतं. पण माणसाची चाल बदलली की दुकानात बसलेल्यालाही दिसते. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाणाऱ्या बाया पूर्वी रस्त्याच्या कडेनं जायच्या. आता मधून चालत होत्या.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, त्यांच्यातल्याच चंद्रभागाबाई दुकानी आल्या. गावाबाहेरच्या वस्तीत राहायच्या, जिनात रुई उचलायचं काम करायच्या. उंच, सडपातळ बाई, आवाज कधी चढायचा नाही. डोक्यावर मोठं गाठोडं होतं.

"चाचा हायेत का?"

"अब्बा नमाजाले गेले. बोला बाई."

"टेबलाची रजई पाह्यजे. पांढरीफक. वैशाखाच्या पौर्णिमेले आमच्या वस्तीत बुद्धाची मूर्ती बसवाची हाये. टेबल आमच्याच मानसानं केलं. मूर्ती नागपूरहून आणली, प्लास्टरची हाये." मग टेबलाच्या मापाला गाठी मारलेली सुतळी त्यांनी माझ्या हातात दिली.

त्यांनी गाठोडं सोडलं. आत चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत मूठभर कापूस. शेवटच्या वेचणीनंतर शेतात राहिलेला कापूस बायांना घरी नेऊ द्यायची आमच्याकडं चाल होती. तोच कापूस घरोघरी हातानं सरकी काढून साफ केलेला होता. मी एकेक पुरचुंडी उघडत गेलो. कोणाची गावरानी, कोणाची बुरी, कोणाची नुसती कवडी, म्हणजे किडीनं डागाळलेला, पिवळट माल.

"गावरानी तेवढी घेतो," मी म्हटलं. "कमी पडन ते दुकानातली टाकतो. बाकीची तुमी घेऊन जा."

"निवडाची नाई, बशीरभाऊ. साऱ्या घरची पाह्यजे."

"बाई, तुमी जिनात काम करता. तुमाले काय सांगू? अशा मिसळीच्या गाठी होतीन. वर प्लास्टरची मूर्ती ठेवणार. डुलली, पडली, तर?"

"म्हणून त तुमच्याकडं आलो. पडू नाई असं करा. पण एक घर सोडाचं नाई." त्या थोडं थांबल्या. "लोकायनं आमाले लय दिवस निवडून बाजूले ठेवलं. आता आमीच आमच्यातलं एखादं घर बाजूले ठेवाव का?"

मी पुरचुंड्या पुन्हा चाळल्या. बुरी थोडीच होती, ती गावरानीत मुरवता आली असती. कवडी धुऊन उन्हात टाकली तर खालच्या बाजूला चालली असती. मी मनात हिशेब जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी कमरेला वेगळी खोचलेली एक वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. लहान मुलाची उशी होती ती. चुरगळलेली, तेलकट, जुन्या लुगड्याच्या कापडाची.

"हे बायजाच्या घरचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यापासून लपवाचं नाई मले. तिची पोट्टी गेल्या पाण्यापावसात तापानं गेली. याच उशीवर गेली."

मी हात मागं घेतला.

आमच्या धंद्यात एक नेम होता. मयताच्या अंथरुणातला कापूस पिंजणाखाली घ्यायचा नाही. त्याच पिंजणावर उद्या नवरीची गादी पिंजायची असते, बाळंतिणीची उशी भरायची असते. असा कापूस गावाबाहेर नेऊन टाकायचा किंवा पुरायचा. हा नेम हिंदू पाळायचे, मुसलमान पाळायचे, आणि पिंजाऱ्यानं मोडला असं कळलं तर त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढायचं नाही. लग्नसराई तोंडावर होती. मी नाही म्हणून सांगितलं.

चंद्रभागाबाईंनी वाद घातला नाही. पायरीवर बसल्या आणि उशी मांडीवर ठेवली. मग सांगायला लागल्या. बायजाबाईंना पुष्कळ वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी. सुमन नाव. ती गेल्यापासून बाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. सगळी वस्ती नागपूरला गेली, त्या गेल्या नाहीत. कोणी बोलावलं तर भिंतीकडं तोंड करून बसायच्या. कापूस गोळा करायला चंद्रभागाबाई त्यांच्या दाराशी गेल्या तेव्हा घरात कापसाचं बोंडही नव्हतं. तेव्हा बायजाबाई उठल्या, उतरंडीमागून ही उशी काढली आणि एवढंच म्हणाल्या, "हे घेत असशीन त मी येतो."

"आणि नाई घेतली त?" मी विचारलं.

"त ते येत नाई. आणि ते आता नाई आली त मंग कधीच येत नाई, बशीरभाऊ. मले दिसते ते."

अब्बा मशिदीतून आले तेव्हा उशी अजून त्यांच्या मांडीवरच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उशी हातात घेतली, शिवण जराशी उसवली आणि चिमटीत आतलं काढून पाहिलं.

"हे त सावरी हाये," ते म्हणाले.

सावरीचं झाड आमच्या जंगलात पुष्कळ. चैत्रात त्याच्या शेंगा फुटतात आणि आतला चकचकीत कापूस वाऱ्यावर उडतो. ज्यांच्याकडं खरा कापूस नसतो त्या बाया तो गोळा करून उश्या भरतात. उशीला तो ठीक. टेबलाच्या रजईला त्याच्यासारखा वाईट कापूस नाही. त्याचे तंतू गुळगुळीत, एकमेकांना धरत नाहीत. पिंजणाची तात, म्हणजे ताणलेली दोरी, लागली की सगळा हवेत. टाक्यात राहत नाही, कापडाच्या विणीतून बाहेर येतो. म्हणजे नेमानं नाही आणि कामानंही नाही. मला वाटलं, चला, अब्बांना नाही म्हणायला दोन कारणं मिळाली.

अब्बांनी चिमटीतली सावरी उशीत परत घातली. मग मला म्हणाले, "बशीर, आपला नेम काय हाये? बरोबर सांग."

"मयताचा कापूस पिंजणाखाली घ्यायचा नाई."

"पिंजणाखाली. अन् सावरीले कोणता पिंजारी पिंजण लावते? हातानं टाकू आपण. हाताले कोणी मना केलं?"

ते पळवाट काढत नव्हते. बापानं शिकवलेला नेम त्यांनी पुसला नाही, त्याच्या शेजारी आणखी एका माणसाला बसायला जागा केली. पुढं त्या मोसमात काही गाद्या दुसऱ्या दुकानात गेल्या. कोणाच्या गेल्या ते अब्बांनी विचारलं नाही. आमच्या मोहल्ल्यातही एकदोघांनी टोकलं, मूर्तीखालचं काम कशाला घेतलं म्हणून. अब्बा म्हणाले, "मी कापूस भरतो."

कामाला सकाळी लवकर बसलो, वारा सुटायच्या आत. दारं-खिडक्या बंद, फटींना ओली पोती. चैत्रातली उकाड्याची खोली, घाम डोळ्यांत जात होता. आधी मी घराघरांतला कापूस एकत्र करून पिंजला. पिंजताना मला कायम एक नवल वाटत आलं आहे, आजही वाटतं. मुठीत मावणारी रुई तातीचा मार खाते आणि खोली भरून टाकते. त्या दिवशी मी पाहत होतो, बुरी कुठली, कवडी कुठली, कोणत्या घरची कोणती, काहीच ओळखू येईना. मलाही येईना, आणि माझा तर तोच धंदा.

अब्बांनी खालच्या लठ्ठ्यावर पातळ थर पसरला. घट्ट विणीचा लठ्ठा मुद्दाम आणला होता, सावरी बाहेर येऊ नये म्हणून. मग माझ्या बायकोनं, जैबुननं, उशी पूर्ण उसवली. आतली सावरी दबून एक वडी झाली होती आणि तिच्या मधोमध खोलगा होता, लहान डोक्याएवढा. जैबुन तशीच थांबली. आमची मोठी मुलगी तेव्हा रांगत होती. "अब्बा, मेरे से नहीं होता," असं म्हणून तिनं ती वडी सासऱ्याच्या हातात दिली आणि भिंतीकडं वळली.

अब्बांनीही क्षणभर त्या खोलग्याकडं पाहिलं. मग ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि हलक्या हातानं वडी मोडली. हात ओले करून, चिमूट चिमूट, त्या थरावर सावरी पसरत गेले. बोलायचं नाही, जोरानं श्वास टाकायचा नाही, नाहीतर उडालीच. कडेपासून कडेपर्यंत कुठं चिमूट जास्त नाही, कमी नाही. त्यांचे हात आयुष्यभर दणकट कामाचे, बोटं लाकडासारखी. ते हात मी असे चालताना कधी पाहिले नव्हते. वर दुसरा थर आला, त्यावर वरचा लठ्ठा. मी कडा धरल्या आणि जैबुन डोळे पुसून सुई घेऊन बसली. तिनं रेघा नेहमीपेक्षा जवळ जवळ घातल्या, इतक्या की आतला तंतू हलायला जागा राहू नये. रजई पूर्ण झाल्यावर अब्बांनी ती एका फळीवर अंथरली, वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि फळी हलवून पाहिली. थेंबही सांडला नाही.

पौर्णिमेला संध्याकाळी अब्बा आणि मी रजई घेऊन वस्तीत गेलो. अंगण सारवलेलं, टेबल मधोमध. त्या लाकडाला रंधा मारून मारून आरशासारखं केलं होतं. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया, धुतलेल्या टोप्या घातलेली माणसं. रजई अंथरली गेली. मूर्ती ठेवली. ती ठाम बसली. दोन्ही बाजूंना पेटवलेल्या मेणबत्त्या पत्र्याच्या झाकणांत उभ्या केल्या. कोणाला काही शिकवलेलं नसताना सगळी वस्ती एकदम शांत झाली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ देवळं, दर्गे, उरूस पाहिले. तशी शांतता मला पुन्हा ऐकायला मिळाली नाही. ज्यांना देवाच्या पायरीपर्यंतही जाऊ दिलं नव्हतं ती माणसं स्वतः केलेल्या टेबलासमोर उभी होती.

बायजाबाई आल्या नव्हत्या. चंद्रभागाबाईंची नजर सारखी गल्लीच्या तोंडाकडं जात होती. वंदना म्हणायला उभा असलेला माणूस त्यांच्याकडं पाहून थांबला होता, आणि त्यांनी हातानं त्याला आणखी थांबायला सांगितलं.

मग बायजाबाई आल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा बाई पुष्कळ लहान होत्या, चाळिशीच्या आसपास, पण चालणं म्हातारीचं. कोणी आधार द्यायला पुढं झालं तर त्यांनी हात झटकला. सरळ टेबलापाशी आल्या. मूर्तीकडं त्यांनी पाहिलं नाही. रजईवर हात ठेवला.

"कोठी हाये माही उशी?" त्यांनी विचारलं.

चंद्रभागाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. अब्बांनीही माझ्याकडं पाहिलं. खोटं सांगणं सोपं होतं. मूर्तीच्या खाली आहे म्हटलं असतं, तर बाईंना बरं वाटलं असतं. पण मला ते हात आठवले, चिमूट चिमूट पसरत गेलेले.

"एका जागी नाई, मावशी," मी म्हटलं. "साऱ्या रजईत हाये. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वस्तीतल्या साऱ्या घरच्या कापसात हाये."

त्यांनी रजईवरून हात फिरवला. एका कडेपासून सुरू केला, मूर्तीला वळसा घालून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. टाक्यांवरून बोटं सावकाश जात होती. मला भीती वाटली की आता त्या ओरडतील, रजई ओढून घेतील. माझी पोर अशी पसरून का टाकली म्हणून विचारतील, तर मी काय सांगणार होतो?

त्यांचा हात मेणबत्तीपाशी येऊन थांबला. वितळलेलं मेण झाकणाच्या काठापर्यंत आलं होतं. बायजाबाईंनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, रागावल्यासारख्या म्हणाल्या, "मंग ह्या मेणबत्त्या काहून ठेवल्या अठी? खाली घ्या बाप्पा. पोट्टीले चटका बसन."

चंद्रभागाबाई पुढं झाल्या. एकेक करून त्यांनी टेबलावरच्या सगळ्या मेणबत्त्या उचलल्या आणि खाली सारवलेल्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. बायजाबाई त्या ओळीसमोर मांडी घालून बसल्या, पदर नीट केला आणि वंदनेसाठी थांबलेल्या माणसाला म्हणाल्या, "म्हण आता."